गॅरेजमधील काडतुसांचा हिशेब

झाडून रिकामी झालेली काडतुसे घरीच पुन्हा भरणे हा टेक्सासमधील ह्यूस्टनसारख्या शहरात राजरोस छंद आहे. काडतुसे विकण्यासाठी बनवणाऱ्याला परवाना लागतो, स्वतःपुरती भरणाऱ्याला संघराज्याच्या कायद्याने तो लागत नाही. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची, आणि तिच्या पाळ्यांवर दिनक्रम बेतलेल्या घरातून ह्यूस्टनला गेलेल्या मराठी माणसाला ही मोकळीक सहजी पचत नाही, कारण भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेसुद्धा दारूगोळ्यातच मोडतात. अर्थात एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला, शिकारीचा परवाना असणे यांसारखे अपवाद वगळता, अमेरिकेतही काडतूस बाळगता येत नाही. त्यामुळे हा छंद बहुधा ग्रीन कार्डानंतरचा.

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी व आघाताने पेटणारी टोपी, दारू आणि गोळी. पुन्हा वापरता येते ती केवळ पुंगळी, आणि बचतीचा सारा डोलारा तिच्यावरच उभा असतो. दारू पौंडाने मिळते. एका पौंडात ७,००० ग्रेन भरतात, ९ मिलिमीटरच्या पिस्तुली काडतुसाला सुमारे ५ ग्रेन पुरतात, तर ०.३०८ च्या रायफलीला चाळीसहून अधिक लागतात.

समजा, यंत्र व साहित्य ५०० डॉलरना पडले आणि काडतुसामागे १० सेंट वाचले, तर भांडवल सुटायला ५,००० काडतुसे भरावी लागतील. महाग रायफली काडतुसामागे ५० सेंट वाचत असतील, तर १,००० पुरतील. साध्या हातयंत्रावर तासाला शंभर भरली जातात असे धरले, तर पिस्तुलवाल्याचे पहिले पन्नास तास फुकट जातात आणि त्यानंतरची कमाई तासाला १० डॉलर, म्हणजे ७.२५ डॉलरच्या संघीय किमान वेतनाहून थोडीशीच वर राहते. त्यातही स्वस्त पडते म्हणून माणूस जास्त झाडतो, आणि वाचलेले डॉलर पुन्हा दारूतच जातात (बंदुकीच्या, हे सांगितलेले बरे).

खडकीत याच कामाला हजेरी असते, ओव्हरटाइम असतो, आणि काडतुसाच्या किमतीत कामगाराचा तास मोजला जातो. ह्यूस्टनच्या गॅरेजमध्ये तो कोणी मांडत नाही, म्हणूनच तेथील हिशेब नफ्याचा दिसतो. आपल्याच नळीला नेमके जुळणारे काडतूस हवे असलेला अचूक नेमबाज मात्र बचतीचे नाव काढत नाही, आणि त्याचा व्यवहार अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे.