येरमाळ्याहून मॉरिशसला: साखर, बीपी, पाय आणि विमान

पूर्वी माझ्याकडे प्रवासाआधी कागद मागायला येणारे लोक चारधामचे किंवा अमरनाथचे असायचे. आता दुबई, थायलंड, मालदीव, मॉरिशस अशी नावं ऐकू येतात. मुलं पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत, हौसेनं आई-वडिलांची तिकिटं काढतात. चांगलीच गोष्ट आहे. अडचण एवढीच की तिकीट, हॉटेल, नवीन बॅग, गॉगल हे सगळं झाल्यावर शेवटी डॉक्टर आठवतो, आणि तोही "फिट टू फ्लाय लिहून द्या" एवढ्यासाठी.

यंदा असेच एक निवृत्त गुरुजी आणि काकू आले. (त्यांच्या परवानगीनं लिहितोय, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) गुरुजींचं वय चौसष्ट, चौदा वर्षांची शुगर, दोन वेळचं इन्सुलिन, बीपीची गोळी. काकूंना गुडघेदुखी आणि झोपेची तक्रार. मुलानं मार्चमध्ये आठ दिवसांचं मॉरिशस ठरवलं होतं, समुद्राला लागून रिसॉर्ट. निघायला बारा दिवस उरले होते.

गुरुजींचा पहिलाच प्रश्न: "डॉक्टरसाहेब, आठ दिवस इन्सुलिन बंद ठेवलं तर चालेल ना? तिथं कुठं ती सुई घेऊन फिरायचं?"

हा प्रश्न मी महिन्यातून दोनदा तरी ऐकतो. लग्नकार्य असो की वारी, लोकांना सुट्टी सुईपासून हवी असते. चालणार नाही. उलट सुट्टीत जेवण बदलतं, चालणं बदलतं, झोप बदलते, म्हणजे इन्सुलिनकडे घरच्यापेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं.

मग मी त्यांना बूट-मोजे काढायला सांगितलं. गुरुजी म्हणाले, "पायाला काही नाही हो." उजव्या अंगठ्याच्या खाली, तळव्याला, पावलीएवढी जखम होती. कडेनं जाड कातडी, मध्ये ओलसर. दुखत अजिबात नव्हती. शुगरनं पायाच्या नसा बधिर झाल्या की दुखणं थांबतं, आणि न दुखणाऱ्या जखमेकडे कोण बघतो? मोज्याला डाग लागलेला काकूंनी पाहिला होता, त्यांना वाटलं शेतातला चिखल असेल.

मी सरळ सांगितलं, या पायानं आता जायचं नाही. खोलीत शांतता पसरली. काकूंचे डोळे भरले. गुरुजींनी मुलाला फोन लावून माझ्या हातात दिला. मुलगा म्हणाला, "पण पप्पा तर व्यवस्थित चालतात की!" त्याला समजावलं की हीच तर पंचाईत आहे, दुखत नाही म्हणून ते त्याच जखमेवर वजन टाकून चालतात. विमानतळावर दोन-दोन तास उभं राहायचं, मग वाळू, मग खारं पाणी. आठ दिवसांच्या मौजेत बोट गेलं असतं, कदाचित पाऊलही. तारीख बदलायला पैसे गेले. मुलगा थोडा नाराज झाला, पण त्यानं ऐकलं.

जखम भरायला सहा-सात आठवडे लागले. औषधापेक्षा जास्त काम केलं ते त्या जागेवरचा भार काढण्यानं: आतून कापलेली मऊ गादी, योग्य चप्पल आणि सक्तीचा आराम. मध्ये चैत्र पौर्णिमा आली. येरमाळ्यात राहून येडेश्वरीच्या यात्रेला डोंगर चढायचा नाही, चुनखडी वेचायला जायचं नाही, हे त्यांना मॉरिशस रद्द होण्यापेक्षा जड गेलं. ते खालूनच हात जोडून आले, बूट घालून. दरवर्षी यात्रेनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे तळव्याला भाजलेले फोड घेऊन शुगरचे पेशंट येतात. तापलेल्या दगडावर अनवाणी चालताना त्यांना चटका कळतच नाही. समुद्रकिनाऱ्याची दुपारची वाळू याच जातीची आहे. त्यात मॉरिशसच्या किनाऱ्याजवळ पोवळ्यांचे धारदार खडक असतात, काटेरी समुद्री जीव असतात. बधिर पायाच्या माणसानं तिथं वाळूत आणि पाण्यातही बूट घालूनच उतरायचं. पाण्यात घालायचे रबरी तळाचे बूट मिळतात. रोज रात्री तळवा बघायचा, वाकता येत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून बघायचा.

शेवटी मे महिन्यात ते गेले. एका अर्थी बरंच झालं. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, तिथं साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तिथं हिवाळा सुरू होत असतो. मात्र हिवाळा म्हणजे फ्लूचा हंगाम, म्हणून दोघांना फ्लूची लस दिली, आणि गुरुजींचं धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं झालं होतं, तेही.

आता इन्सुलिन. आपल्याकडे फ्रीज नसलेल्या घरात इन्सुलिन माठाशेजारी किंवा ओल्या मडक्यात ठेवायची पद्धत आहे, आणि ती शहाणपणाची आहे. पाणी झिरपून उडतं तसा गारवा राहतो. प्रवासासाठी याच तत्त्वावरची कापडी पाकिटं मिळतात, पाण्यात भिजवली की दोनेक दिवस गार राहतात. येरमाळ्याहून मुंबई म्हणजे गाडीनं आठ-नऊ तास. मेमधल्या उन्हात गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवलेलं इन्सुलिन मुंबईला पोचेपर्यंत निकामी होऊ शकतं. आणि विमानात ते सामानाच्या मोठ्या बॅगेत कधीच टाकायचं नाही. तिथं ते गोठू शकतं, गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर जसंच्या तसं दिसलं तरी फेकून द्यायचं. शिवाय बॅग दुसऱ्याच गावाला गेली तर? हातातल्या पिशवीत, दुप्पट साठा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. तपासणीला अडवत नाहीत, चिठ्ठी दाखवली की सोडतात.

वेळेचं गणित मॉरिशससाठी सोपं आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, त्यामुळे डोसात फारसा बदल लागत नाही. लेकीकडे अमेरिकेला निघालेल्यांचं तसं नाही. तिथं दिवस नऊ-दहा तासांनी किंवा त्याहून जास्त लांबतो, आणि इन्सुलिनचा तक्ता डॉक्टरांकडून लिहूनच न्यावा लागतो. गुरुजींना मी एकच गोष्ट तीनदा सांगितली: विमानात जेवणाचा ताट-ट्रे समोर आल्याशिवाय सुई घ्यायची नाही. "आता जेवण येईल" म्हणून सुई घेतली आणि हवामान खराब झालं म्हणून सगळ्यांना जागेवर बसवलं, की शुगर उतरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, शुगर 70 च्या खाली, म्हणजे लगेच तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. साखरेच्या पुड्या खिशात हव्यात, वरच्या कप्प्यातल्या बॅगेत नव्हे.

पायात रक्ताची गुठळी होण्याबद्दल काकूंनी व्हॉट्सॲपवर वाचलं होतं आणि त्या विमानाला घाबरल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये याबाबतचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार तासांपेक्षा जास्त प्रवासानं हा धोका साधारण दुप्पट होतो, तरी निरोगी माणसात तो सहा हजारांत एक एवढाच राहतो. यातली लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की हे फक्त विमानाला लागू नाही. तासन् तास न हलता बसणं हे कारण आहे, मग ती बस असो, रेल्वे असो की कार. म्हणजे मुंबई ते मॉरिशसच्या सहा तासांपेक्षा येरमाळा ते मुंबईचे नऊ तास मोठे! म्हणून बार्शीच्या पुढे, पुण्याच्या अलीकडे असं थांबत, उतरून चालत जा म्हटलं. विमानात दर तासा-दीड तासानं उठायचं, बसल्या जागी पावलं वरखाली करायची, लघवीला जावं लागेल म्हणून पाणी तोडायचं नाही. दाब देणारे मोजे सगळ्यांसाठी नसतात. गुरुजींसारख्यांच्या पायाची नाडी तपासल्याशिवाय ते घालू नयेत, रक्तपुरवठा आधीच कमी असेल तर नुकसान होतं. आणि केवळ प्रवासासाठी म्हणून ॲस्पिरिन सुरू करू नका.

विमानातल्या हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असतो तेवढा असतो, म्हणजे कळसूबाईच्या टोकापेक्षाही वर बसल्यासारखं. धडधाकट माणसाला कळतही नाही. पण नुकताच हार्ट अटॅक आलेला, दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेला, हिमोग्लोबिन सात-आठवर असलेला माणूस याला झेपेलच असं नाही. आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. काकूंचं 10.4 निघालं, जायला हरकत नव्हती.

काकूंची खरी अडचण त्यांच्या पर्समध्ये होती. रात्री झोपेसाठी अल्प्राझोलामची अर्धी गोळी, आणि गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल असलेली एक गोळी, कुणीतरी कधीतरी लिहून दिलेली, मग दुकानातून आणत राहिलेली. मॉरिशसमध्ये झोपेच्या, गुंगीच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत कायदा कडक आहे. त्या न्यायच्या तर प्रिस्क्रिप्शनसह आधी परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडे गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळणारी गोळी तिथल्या विमानतळावर गुन्हा ठरू शकते. आखाती देशांतही असंच आहे. पण म्हणून झोपेची गोळी एका रात्रीत बंद करायची नाही, त्यानं घबराट, निद्रानाश, क्वचित फिटसुद्धा येते. लांबलेल्या तारखेचा इथं फायदा झाला. आठवड्या-आठवड्यानं कमी करत ती गोळी सुटली, गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि व्यायामावर भागलं. बाकी औषधं मूळ पाकिटातच न्या. डबीत सुट्या केलेल्या रंगीत गोळ्या कुणालाच ओळखता येत नाहीत.

गुरुजी इतिहासाचे. त्यांना मॉरिशसचं आकर्षण रिसॉर्टपेक्षा तिथल्या मराठी माणसांचं होतं. एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया म्हणून, बरेचसे कोकणातून, उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्या लोकांची ही वंशावळ. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. मी त्यांना मॉरिशसची डॉक्टरी बाजू सांगितली. मधुमेहाच्या अभ्यासात या बेटाचं नाव मोठं आहे. 1987 मध्ये तिथं मोठी पाहणी झाली, आणि आज तिथल्या साधारण पाच प्रौढांमागे एकाला शुगर आहे. आणखी एक गोष्ट आपल्या सोयाबीनवाल्यांनी ऐकण्यासारखी: सरकारनं रेशनच्या तेलातलं पाम तेल काढून बहुतांशी सोयाबीन तेल आणलं, आणि 1987 ते 1992 या काळात लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे 213 वरून 182 वर आलं. शुगर मात्र त्यानं कमी झाली नाही. तेल बदललं, पोट आणि बैठक तशीच राहिली. रिसॉर्टच्या बुफेपुढे उभं राहताना हे आठवा म्हटलं. गुरुजी हसले. रिकाम्या पोटी दारू आणि इन्सुलिन एकत्र नको, हेही सांगून ठेवलं, ते घेत नाहीत तरी.

समुद्राबद्दल एकच. आपली माणसं विहिरीत पट्टीची पोहतात आणि त्या जोरावर समुद्रात शिरतात. विहिरीचं पाणी माणसाला ओढून नेत नाही. निशाण लावलेल्या जागेबाहेर जायचं नाही.

जुलाब-उलट्या कुठंही होतात. ओआरएस सोबत असूच द्या. पण मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांपैकी काही चालू असेल तर अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या किडनीला त्रास देऊ शकतात. अशा वेळी कोणती दोन-तीन दिवस थांबवायची हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनानं पूर्ण बंद करू नका, जेवण कमी असलं तरी फोन करून डोस विचारा. विमा काढताना शुगर-बीपी लपवू नका. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारतात. आणि स्वस्त तिकिटाच्या नादात केनियासारख्या देशात मुक्काम करून जाणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो. तो दहा दिवस आधी घेतलेला असावा लागतो, नाहीतर परतल्यावर आपल्याच विमानतळावर अलग ठेवतात.

हे सगळं बारा दिवसांत होत नाही. सहा ते आठ आठवडे आधी या.

मॉरिशसमध्ये मलेरियाचा स्थानिक प्रसार उरलेला नाही, त्यामुळे मलेरियाच्या गोळ्या लागत नाहीत. डेंग्यू आणि चिकुनगुन्या मात्र होतात. 2005-06 मध्ये हिंद महासागरातल्या बेटांवर चिकुनगुन्याची प्रचंड साथ आली, शेजारच्या रेयूनियन बेटावर तर तीन माणसांमागे एकाला झाला. त्याच सुमारास तो भारतात पुन्हा आला, आणि 2006 साली मराठवाड्यात घरंच्या घरं सांधे धरून बसली. 2025 मध्येही मॉरिशसमध्ये साथ होती. हा डास दिवसा चावतो, म्हणून फुल बाह्या आणि मलम दिवसाच लावायचं. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर "मी बाहेरदेशी जाऊन आलो" हे डॉक्टरांना न विचारता सांगा. ब्रुफेन, डायक्लो घेऊ नका, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आणि ताप असेपर्यंत दिवसाही मच्छरदाणीत झोपा, कारण तुमच्या रक्तातला विषाणू इथला डास उचलतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, प्रत्येक घरी रांजण, टाक्या, बॅरल भरून ठेवलेले असतात, आणि हा डास त्याच साठवलेल्या पाण्यात वाढतो. गुरुजी परत आले त्या आठवड्यात काकूंनी अंगणातलं बॅरल रिकामं करून घासलं आणि वर जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधलं.