एका बाटलीला सव्वा किलो

वाइन टेस्टिंग डिनर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? फाइव्ह स्टारचा हॉल, मंद जॅझ आणि ग्लास गोलगोल फिरवत ‘हम्म... ओकी!’ म्हणणारे सूटवाले काका. बॉस, ते सगळं विसरा. हे प्रकरण बाणेरच्या टू बीएचकेमध्ये, सतरंजीवर मांडी घालून, माणशी हजाराच्या आत होतं. आम्ही केलं. आणि सॉल्लिड झालं.

फंडा सोपा आहे. आम्ही सहा जण. वाइन नाशिकचीच आणायची, कारण खिसा. चार मोठ्या बाटल्या आणि गोडाबरोबर एक छोटी. ७५० मिलीच्या बाटलीतून साठ-साठ मिली ओतलं तर बारा वेळा होतं, म्हणजे प्रत्येकाला दोनदा. एकदा नुसती चाखायची, एकदा खाण्याबरोबर. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायचं, म्हणजे लेबल बघून शहाणपणा करता येत नाही. खाणं ज्याने त्याने घरून आणायचं, आणि घरी जाताना कॅब. गाडीच्या किल्ल्या आमच्या डेंटिस्टबाईंकडे जमा. या बाबतीत ती हिटलर आहे.

पहिली गोष्ट, टेम्परेचर. रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ती रूम युरोपातली असते, सोळा-अठरा डिग्रीची. आपल्याकडे पंख्याखाली तीस डिग्रीत रेड प्यायलात, तर नुसतं अल्कोहोल नाकात जातं. त्यामुळे रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये. व्हाइट तर चांगली गारच.

सुरुवात चेनिन ब्लाँ आणि कोथिंबीर वडीने. इथेच पार्टी जिंकली! चेनिनमध्ये थोडा गोडवा असतो, थोडा आंबटपणा असतो, आणि वडीतलं आलं-मिरची तिच्यासमोर एकदम शहाण्या मुलासारखं वागतं. तिखटाला गोडसर आणि गार, हा नियम पाठच करून ठेवा. कारण उलट केलंत तर काय होतं, ते आमच्या सीएने दाखवलं. त्याने शिराझच्या घोटाबरोबर ठेचा खाल्ला. अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवतं, रेडमधलं टॅनिन तोंड कोरडं करतं, आणि मग माणूस ताकाची चौकशी करू लागतो.

सोव्हिन्यों ब्लाँबरोबर रवा लावून तळलेली सुरमई. ही वाइन लिंबाचं काम करते, तेलकटपणा कापून टाकते. रेड मात्र माशाबरोबर नको. त्यातल्या लोहामुळे तोंडात एक गंजका, मासळी-बाजारी वास उरतो. बँकेतल्या मैत्रिणीने तरी हट्टाने कॅबर्ने ओतून घेतली आणि मग दोन ग्लास पाणी प्यायली. (जाता जाता एक गॉसिप: ही कॅबर्ने सोव्हिन्यों मुळात सोव्हिन्यों ब्लाँचीच लेक. वडील की आई ते माहीत नाही, पण १९९७ मध्ये डीएनए तपासून हे सिद्ध झालंय. पांढरी आई, काळी पोर!)

आता मटण. ते आणलं होतं आमच्या दिंडोरीकराने. तो हिंजवडीत आयटीत आहे, आमच्यापेक्षा कमी बोलतो आणि वाइन कधीच पीत नाही. बिअर घेतो, वाइनला नाही म्हणतो. आम्हाला वाटायचं, चव आवडत नसेल. आईने पाठवलेला काळा मसाला घालून त्याने स्वतः केलेलं मटण सुक्कं आणलं होतं. मटणाची चरबी आणि प्रोटीन टॅनिनला गुळगुळीत करतात, त्यामुळे मगाशी भांडखोर वाटलेली शिराझ इथे अगदी जावयासारखी रुळली. रात्रीची बेस्ट जोडी हीच, सहापैकी पाच मतं.

सहावं मत दिंडोरीकराचं. त्याने शिराझला हातच लावला नव्हता. त्याने उचलला होता तो चेनिनचा ग्लास, मगाचाच, कोमट झालेला. बराच वेळ नाकाशी धरला. आमच्यापैकी कोणीतरी ‘पेरू येतोय का? की अननस?’ असं विचारलं. तो म्हणाला, “नाही. फवारणी झाल्यावर सकाळी बागेत येतो ना, तसा काहीतरी.” मग म्हणाला, “आमच्याकडे दोन एकर होती ही.”

आणि मग तो बोलायला लागला. आठ वर्षांच्या ओळखीत इतकं सलग बोललेला मी ऐकला नव्हता.

महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वाइनला करात सवलती मिळाल्या, आणि नाशिकच्या आसपास वायनऱ्या उभ्या राहू लागल्या. त्याच्या वडिलांनी २००६ मध्ये टेबल ग्रेप्सची जुनी बाग काढून चेनिन लावली, एका वायनरीशी करार करून. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, फेब्रुवारीत तोडणी. तोडणी पहाटे, उन्हं चढायच्या आत, बॅटरीच्या उजेडात. हा शाळेत जायच्या आधी कॅरेट उचलायचा. पाणी जास्त सोडलं तर मणी फुगतात आणि चव पातळ होते, म्हणून वडील ड्रिपच्या कॉकवर कोणाला हात लावू देत नसत.

मग २००८ची जागतिक मंदी आली, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वाइनचा खप बसला, टाक्या भरलेल्या राहिल्या. त्याच्या वडिलांचा एका हंगामाचा माल गेला, पण पैसे अर्धेच आले. पुढच्या हंगामात मालच उचलला नाही.

“मग बाजारात विकायची ना,” सीए म्हणाला.

“वाइनची द्राक्षं कधी पाहिलीस?” दिंडोरीकर शांतपणे म्हणाला. “एवढा एवढा मणी. जाड साल, आत बिया. खाणार कोण?”

खरंच की. आपण थॉमसन सीडलेस खातो, टपोरी, बिनबियांची. वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, वायनरी. ती नाही म्हणाली, की तुमच्याकडे दोन एकर गोड कचरा असतो. त्या भागात अनेकांनी तेव्हा वाइनच्या बागा तोडल्या. याच्या वडिलांनी २०१० मध्ये जेसीबी लावला. हा आठवीत होता. वेलींचे बुंधे वर्षभर चुलीत जळत होते.

खोलीत कोणी काही बोलेना. डेंटिस्टने मोबाइलवरची ‘टेस्टिंग नोट्स’ची विंडो हळूच बंद केली, हे मी पाहिलं.

“म्हणून पीत नाहीस?” मी विचारलं.

“पिणार कशी? घरी कधी बाटली आलीच नाही. एवढी द्राक्षं पिकवली, पण बाबांनी स्वतः ती वाइन कधी चाखलेली नाही.” आणि त्याने तो कोमट घोट घेतला. “चांगली आहे रे,” म्हणाला. जरा चिडल्यासारखाच.

गोडाचं थोडक्यात सांगते. नियम असा, की वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. आम्ही पुरणपोळीबरोबर लेट हार्वेस्ट चेनिन उघडली, म्हणजे वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर चढवलेल्या द्राक्षांची. पेअरिंग पुस्तकी दृष्टीने बरोबर. पण खरं सांगू का, पुरणपोळीला तूपच लागतं. दिंडोरीकर ती बाटली मात्र उलटसुलट करून बघत राहिला. “इतके दिवस माल वेलीवर ठेवायचा म्हणजे छाती पाहिजे. एक पाऊस आला की संपलं.”

दुसऱ्या दिवशी त्याने घरी फोन लावला. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, बाटली केवढ्याची? हा म्हणाला, साडेआठशे. एका बाटलीला द्राक्षं लागतात साधारण सव्वा किलो, ते त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नव्हता. हिशेब चालला असणार. मग म्हणाले, “पाण्यावर आलेली होती का रे? पातळ लागत नव्हती ना?”

नव्हती, असं याने सांगितलं.

पुढचं टेस्टिंग फेब्रुवारीत, दिंडोरीला. त्या दोन एकरांत आता थॉमसन आहे, ती तोडणीला आलेली असेल. ओव्हनवाली मैत्रीण चीज स्ट्रॉज करणार आहे, मटण काकू करणार आहेत. काकूंची अट एकच: बाटल्या देवघराच्या बाजूला नकोत, ट्रॅक्टरच्या शेडमध्ये बसा. काकांनी काही अट घातलेली नाही. चेनिन दोन आणा, एवढंच म्हणालेत.