धुऱ्यावरचं गाजरगवत

मृगाचा पाऊस पडला की वऱ्हाडात कुणी न पेरता उगवणाऱ्यांत गाजरगवत पुढे असतं. सुरुवातीला ते उभं राहत नाही. कातरलेल्या पानांची हिरवी चकती करून जमिनीला चिकटून बसतं आणि आपल्याखाली दुसरं काही उगवू देत नाही. पानं हुबेहूब गाजराच्या पाल्यासारखी असतात, म्हणून नवख्याला ते निरुपद्रवी वाटतं. महिना-दीड महिन्यात चकतीच्या मधून दांडा उठतो. त्याला उभ्या खोबणी असतात आणि सगळ्या अंगावर बारीक पांढरी लव. कोरड्या जागी ते गुडघ्याएवढं राहतं, पाणी मिळालं तर माणसाच्या छातीला लागतं. मग शेंड्यावर फुलं येतात, जेमतेम चार मिलिमीटरची, पांढरी, पाच कोपऱ्यांची. प्रत्येक कोपऱ्यामागे एक बी. अशी फुलं एका झाडावर हजारोंनी लागतात आणि जोमदार झाड पंचवीस हजारांपर्यंत बिया टाकून जातं.

त्याला जागा निवडावी लागत नाही. अकोल्यात मोर्णेच्या काठाला ते आहे, बडनेऱ्यात रुळांच्या कडेला आहे, मोर्शी-वरुडच्या संत्राबागांत आहे, दर्यापूरकडच्या पऱ्हाटीच्या धुऱ्यावर आहे. शाळेच्या कुंपणाशी, दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत, अर्धवट बांधलेल्या घराच्या आवारात, जिथे माणसाने माती उकरून सोडून दिली तिथे ते येतं. घनदाट जंगलात त्याला फारसं जमत नाही. त्याला माणसाची वस्ती लागते आणि माणसाची बेपर्वाई लागते. जनावरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. दुष्काळात गाईने खाल्लंच, तर दुधाला कडवट चव येते. पाना-मुळांतून ते जी रसायनं सोडतं, त्यांनी शेजारच्या पिकाचं उगवणं दबतं.

हे इथलं नव्हे. त्याचं मूळ घर मेक्सिको आणि भोवतालचा उष्ण अमेरिकी प्रदेश. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. आपल्याकडे ते १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेत भरलं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या पीएल-४८० या कायद्याखाली आलेल्या गव्हातून ते आलं, असं गावोगाव सांगतात. पण त्या कायद्याखाली भारताशी पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये आणि पुण्यात ते त्याआधीच उगवलेलं होतं. परदेशी धान्य त्यापूर्वीही येत होतं, तेव्हा ते धान्यातूनच आलं असेल तर आधीच्या एखाद्या खेपेतून आलं असावं. आल्यानंतर मात्र ते थांबलं नाही. ट्रकच्या चाकांना लागलेला चिखल, पुराचं पाणी, बियाण्यातली भेसळ, वाळूचे ढीग यांच्या सोबतीने त्याने दोन पिढ्यांत देश व्यापला.

एवढंच असतं तर ते शेतकऱ्याचं एक तण राहिलं असतं आणि त्याची कथा कृषी विद्यापीठापुरती उरली असती. पण गाजरगवत माणसाच्या अंगावर येतं, आणि तेही दोन वेगवेगळ्या वाटांनी.

पहिली वाट कातडीची. त्याच्या अंगावरच्या लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. वर्षानुवर्षं निंदणात हात घालणाऱ्या, धुरे साफ करणाऱ्या माणसाच्या शरीरातल्या पेशी एक दिवस या रसायनाला शत्रू म्हणून ओळखू लागतात. मग पापण्या सुजतात, मान काळी-जाड पडते, कोपराच्या आतल्या बाजूला चट्टे येतात, खाज रात्री झोपू देत नाही. वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्यावर उडून लागला तरी पुरतो. ऊन लागलं की त्रास आणखी वाढतो. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ अरविंद लोणकर यांनी मिचेल आणि कॅल्नन या परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये या रोगावर निबंध प्रसिद्ध केला. जगाच्या वैद्यकाला गाजरगवताच्या त्वचारोगाची नीट ओळख होण्यात त्या महाराष्ट्रातल्या कामाचा मोठा वाटा आहे.

दुसरी वाट नाकाची. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत हे गवत भरात फुलतं आणि परागकण हवेत सोडतं. ते श्वासाबरोबर नाकात गेले की ज्यांच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार झालेली असतात, त्यांच्या नाकातल्या पेशी हिस्टामिन ओतू लागतात. पाठोपाठ शिंकांची माळ, पाण्यासारखं वाहणारं नाक, बंद पडणारी नाकपुडी, लाल डोळे. वावरातून आलेली बाई दवाखान्यात सांगते, "डोये खाजवतेत, नाक पान्यावानी वाह्यते, आन् सर्दी काई जातच नाई." ही सर्दी विषाणूची नसते. विषाणूची सर्दी आठ-दहा दिवसांत निघून जाते, ही फुलोरा असेपर्यंत मुक्काम करते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. श्रीरामराव, पी. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तिथल्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. पाहणीतल्या सुमारे सात टक्के लोकांना या परागांमुळे नाकाची ॲलर्जी होती, आणि नाकाच्या ॲलर्जीच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांची त्वचाचाचणी गाजरगवताला होकार देत होती. याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अमेरिकेत शरद ऋतूत लाखोंना शिंकायला लावणारं रॅगवीड हे याच कुळातलं झाड, आणि दोघांचे पराग शरीराला एकमेकांसारखे भासतात. अमरावतीहून तिकडे शिकायला गेलेल्या मुलाचं नाक ऑगस्ट-सप्टेंबरात अचानक वाहू लागलं, तर त्याचं बीज इथल्या धुऱ्यावर पडलेलं असू शकतं.

या दोन वाटा वेगळ्या असल्याने त्यांचा तपासही वेगळा. ही गोष्ट रुग्णाला कुणी समजावून सांगत नाही आणि तिथेच घोळ होतो. कातडीच्या रोगासाठी पॅच चाचणी असते. पाठीवर गाजरगवताच्या अर्काची चकती चिकटवतात, ती दोन दिवस ठेवतात, काढल्यावर आणि पुन्हा चौथ्या दिवसाच्या सुमारास जागा पाहतात. भारतीय चाचणीसंचात गाजरगवत कायमचं समाविष्ट आहे. नाकाच्या रोगासाठी प्रिक चाचणी. हातावर वेगवेगळ्या परागांच्या, धुळीच्या, बुरशीच्या अर्कांचे थेंब ठेवून बारीक टोकाने वरवर टोचतात. शेजारी हिस्टामिनचा आणि खारट पाण्याचा असे दोन थेंब तुलनेसाठी असतात. पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते, आणि ती खारट पाण्याच्या जागेपेक्षा किमान तीन मिलिमीटर मोठी असेल तर उत्तर होकारार्थी. चाचणीआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर खरी ॲलर्जीही लपून बसते. अंगावर चट्टे असलेल्या माणसाची प्रिक चाचणी नकार देऊ शकते आणि नाक गळणाऱ्याची पॅच चाचणी कोरी निघू शकते. म्हणून एका चाचणीवरून गाजरगवताला निर्दोष सोडता येत नाही. या तपासाचा वारसा जुना आहे. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली नावाच्या डॉक्टरने स्वतःच्या हातावर ओरखडा काढून त्यावर गवताचे पराग लावले आणि आपले प्रयोग १८७३ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. आजही सुईचं तत्त्व तेच आहे.

पण सुईच्या आधी प्रश्न यायला हवेत. त्रास कोणत्या महिन्यात होतो? वावरातून परतल्यावर की पहाटे अंथरुणातच? गाव सोडून गेल्यावर बरं वाटतं का? हाताला काम काय आहे? कारण प्रत्येक शिंकेचा आळ गाजरगवतावर घालणंही अन्यायाचं होईल. बारमाही आणि सकाळी उठताच येणाऱ्या शिंकांमागे बहुधा गादी-उशीतले धूळकिडे असतात. जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत राबणाऱ्यांच्या नाका-छातीच्या तक्रारी पुष्कळदा त्या धुळीच्या असतात. चाचणीचा होकार आणि रुग्णाची हकीकत या दोन्हींचा मेळ बसला, तरच निदान पक्कं.

निदान पक्कं झालं की उपचार आहेत, आणि चांगले आहेत. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा रोज नेमाने वापरला तर नाकाच्या ॲलर्जीवर तो सर्वांत भरवशाचा. नाकात दिलेला एवढासा डोस शरीरात फार कमी जातो, त्यामुळे नावाला घाबरून तो टाळू नये. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिनसारख्या गोळ्या शिंका आणि खाज आवरतात. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने पराग निघून जातात. बंद नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक त्यांच्यावाचून उघडेनासं होतं. ज्यांचं औषधांनी भागत नाही, त्यांना परागांचा अर्क अल्प मात्रेत सुरू करून वाढवत नेण्याचा इम्युनोथेरपीचा मार्ग आहे. लंडनच्या लिओनार्ड नून यांनी तो १९११ मध्ये दाखवला. तीन ते पाच वर्षं चिकाटीने घ्यावा लागतो, आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. कातडीच्या जुनाट रोगासाठी दिल्लीच्या एम्समध्ये के. के. वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अझाथायोप्रिनचा उपयोग सिद्ध केला, त्यामुळे वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्यांवर काढणाऱ्यांना दुसरी वाट मिळाली. हे औषध घेताना रक्ताची तपासणी चुकवून चालत नाही. आणि ज्याच्या अंगावर आठवडी बाजारात कुणीतरी "ताकतीचं" म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन टोचतो, त्याची खाज चार दिवस जाते आणि मागे साखर, रक्तदाब, ठिसूळ हाडं यांचा धोका राहतो.

गाजरगवतालाही शत्रू आहेत. त्याच्याच मुलखातला मेक्सिकन भुंगेरा, झायगोग्रामा बायकोलोराटा, १९८३ मध्ये बेंगळुरूला आणला गेला आणि पुढच्या वर्षी मोकळा सोडला गेला. पावसाळ्यात हा भुंगेरा आणि त्याच्या अळ्या गाजरगवताची पानं फस्त करतात, थंडी लागली की जमिनीत दडून बसतात. दुसरा शत्रू आपल्या घरातला आहे, तो म्हणजे तरोटा. वऱ्हाडात पहिल्या पावसानंतर ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते, तोच तरोटा दाट उगवला तर गाजरगवताला जागा मिळू देत नाही. जबलपूरची तण संशोधन संस्था दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळते, कृषी विद्यापीठं त्यात उतरतात. कोवळं गवत खतात कुजवता येतं आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे यांच्या नाडेप टाक्या तर विदर्भाच्या ओळखीच्याच. मात्र फुलं धरलेलं गवत टाकीत घातलं तर त्याचं बी जिवंत राहून खताबरोबर पुन्हा वावरात येऊ शकतं.

मला या गवताबद्दल सर्वांत जास्त बोचतं ते हे की त्याला उपटण्याचं काम आपण नेमकं त्यांच्यावर टाकलं आहे, ज्यांच्यापाशी हातमोजे नाहीत. रोजाने निंदायला जाणाऱ्या बाया त्याला उघड्या हातांनी धरतात, पदराने तोंड झाकतात आणि तोच पदर संध्याकाळी लेकराच्या तोंडावरून फिरवतात. ग्रामपंचायतीच्या स्वच्छता मोहिमेत शाळेची मुलं ते उपटतात, तेही फुलोऱ्यात, जेव्हा पराग सर्वांत जास्त उडतात. रोग होतो तो त्यांना, आणि निदानासाठी अमरावती-अकोल्याच्या दवाखान्यात जायला मजुरी बुडवावी लागते तीही त्यांनाच. संशोधनाने गेल्या अर्ध्या शतकात रसायन शोधलं, पराग ओळखले, चाचण्या बसवल्या, औषधं दिली. धुऱ्यावर हातमोजा पोचवणं हे संशोधकाचं काम नाही, ते आपलं आहे.

म्हणून ज्यांच्याकडे वावर आहे त्यांना सांगणं आहे: निंदणाच्या मजुरीबरोबर रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडकं द्या, आणि गवत फुलायच्या आधी, माती ओली असताना मुळासकट काढा. ते जाळू नका, उडता भुगा श्वासात जातो. ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी ही मोहीम दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत न धरता आषाढातच उरकावी, आणि मुलांना त्यात लावू नये. ज्यांच्या घरी पोळ्यानंतर कुणाची सर्दी हटत नाही, त्यांनी डॉक्टरांना आपलं काम, आपला परिसर आणि त्रासाचा महिना आधी सांगावा आणि ॲलर्जीच्या चाचणीबद्दल स्वतःहून विचारावं.