शिकेकाईची पुडी

देवबाग, ता. मालवण

चि. सई,

पुडी पोचली म्हणून फोन केलास आणि लगेच विचारलंस, "आत्ये, ह्या लावल्यार कोंडा जाता काय?" हो म्हणून मोकळी झाले असते, पण जन्मभर शाळेत विज्ञान शिकवल्यावर तसं म्हणवत नाही.

आपलं गाव म्हणजे एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्लीची खाडी आणि मधे वाळूची पट्टी. मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला भेटलं की फेस राहतो बाजूला, पांढरा साका तयार होतो. तो केसांत बसतो आणि वाळला की खांद्यावर पडतो, थेट कोंड्यासारखा. आजी म्हणायची, "साबण लावलंस तर केस काथ्यासारखे होतले." शिकेकाई-रिठ्याचं मचूळ पाण्याशी असं वाकडं नाही. त्यांच्यातल्या सॅपोनिनमुळे मळ निघतो आणि साका धरत नाही. आजीच्या पिढीचा शिकेकाईने गेलेला कोंडा बराचसा साबणच असणार, असं मला वाटतं.

तुमच्या म्युनिकचं पाणीही जडच. पण तू शाम्पू वापरतेस, त्याचा साका होत नाही. तेव्हा तुझा कोंडा खराखुरा. तो मॅलासेझिया नावाच्या बुरशीमुळे होतो. ती सगळ्यांच्याच डोक्यावर असते, टाळूच्या तेलावर जगते. काहींच्या टाळूला मात्र ती सोसत नाही. सुश्रुताने 'दारुणक' म्हणून खाज नि कोरड्या टाळूचं दुखणं सांगितलंय, ते हेच असावं. रिठ्याचा अर्क प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखतो, हे खरं. पण तिथल्या बशीत तो तासन्‌तास राहतो; आपण न्हाणीत पाच मिनिटांत डोकं धुऊन बाहेर.

म्हणून मी अर्ध्या डोक्यावर प्रयोग केला. संशोधकही असं करतात: मधोमध भांग, दोन बाजूंना दोन औषधं, म्हणजे माणूस तोच, हवा तीच. डावीकडे शिकेकाई, उजवीकडे बुरशीनाशक किटोकोनॅझोलचा शाम्पू. (फेस काही हद्द पाळत नाही, आणि घरातल्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली.) महिनाभरात उजवीकडची खाज थांबली. डावीकडे न्हायल्यावर दोन दिवस बरं वाटे, मग खपल्या परत. एका डोक्याचा पुरावा, तेवढाच धर.

युरोपीय संघात मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत कोंड्यावरच्या झिंक पायरिथिऑनला बंदी आहे, तेव्हा फार्मसीत किटोकोनॅझोलच माग. आठवड्यातून दोनदा, फेस पाचेक मिनिटं टाळूवर ठेवायचा. महिन्यात उतार नाही पडला तर डॉक्टरांना दाखव.

शिकेकाई मधल्या एखाद्या दिवशी, केसांसाठी. कूट रात्री भिजत घाल, सकाळी उकळून पातळ फडक्याने गाळ. काढा लगेच संपव, टिकत नाही. डोळे घट्ट मीट, पुडीतला रिठा फार झोंबतो. आणि मोरीच्या भोकावर जाळी ठेव, नाहीतर चोथा अडकला की तुझी घरमालकीण मला जर्मनमधून शिव्या घालील.

तुझी,
आत्या