इंजिने बनवण्यास मनाई झालेली इंजिन कंपनी

१/ ब्रिटिश विमान-इंजिनांचा विषय निघाला की रोल्स-रॉइसचे नाव आपसूक ओठांवर येते. पॉवर जेट्सचे नाव मात्र अभ्यासकांपुरतेच उरले आहे. ब्रिटनचे पहिले जेट इंजिन याच कंपनीने घडवले.

२/ फ्रँक व्हिटल हा हवाई दलातला तरुण अधिकारी. जानेवारी १९३० मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, त्याने जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. हवाई मंत्रालयाला त्यात रस वाटला नाही. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे ५ पौंड भरणे त्याला परवडले नाही, मंत्रालयानेही ते भरले नाहीत, आणि पेटंट हातचे गेले.

३/ हवाई दलातल्या दोन जुन्या सहकाऱ्यांनी खटपट करून भांडवल उभे केले आणि मार्च १९३६ मध्ये पॉवर जेट्स स्थापन झाली. व्हिटल अजून सरकारी नोकरीत होता. कंपनीच्या कामासाठी त्याला आठवड्याला सहा तासांची परवानगी मिळाली. जेट युगाची ब्रिटिश मुहूर्तमेढ ही अशी, उसन्या वेळात रोवली गेली!

४/ १२ एप्रिल १९३७, रग्बी. इंजिन पहिल्यांदा सुरू झाले आणि आवरेनासे झाले. इंधन बंद केले तरी वेग वाढतच राहिला. भोवतालची माणसे जीव मुठीत धरून पळाली. व्हिटल जागचा हलला नाही. गळून आत साचलेले इंधन जळत होते, एवढेच त्याचे कारण निघाले.

५/ १५ मे १९४१ रोजी क्रॅनवेल येथून हे इंजिन बसवलेले ग्लॉस्टर विमान उडाले. जर्मनीचे जेट विमान १९३९ सालीच आकाशात गेले होते. त्या दोन वर्षांच्या पिछाडीत मंत्रालयाच्या उदासीनतेचा वाटा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

६/ मोठ्या प्रमाणावरील उत्पादन मात्र आधी रोव्हरकडे, मग रोल्स-रॉइसकडे गेले. व्हिटल विचारांनी समाजवादी होता. सगळ्याच जेट उद्योगाचे राष्ट्रीयीकरण करा, असे त्याने सुचवले. १९४४ मध्ये सरकारने राष्ट्रीयीकरण केले ते फक्त पॉवर जेट्सचे. बाकीच्या कंपन्या खासगीच राहिल्या.

७/ सरकारी पैशावर चालणारी कंपनी आपल्याशी स्पर्धा करणार, हे या खासगी उद्योगांना मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे ग्राह्य धरले गेले. पॉवर जेट्सने संशोधन करावे, विक्रीसाठी इंजिने बनवू नयेत, असे ठरले. जानेवारी १९४६ मध्ये व्हिटलने संचालकपद सोडले. त्याच्यामागोमाग १६ सहकाऱ्यांनीही राजीनामे दिले.