करंट पोच्चु

मराठीत ‘लाइट गेली’ म्हणतात, तमिळमध्ये ‘करंट पोच्चु’. आपल्याकडे उजेड जातो, त्यांच्याकडे प्रवाह. श्रीपेरुंबुदूरला येऊन सहा वर्षं झाली, तरी हा फरक मला शब्दापुरताच ठाऊक होता.

गेल्या नवरात्रात इमारतीच्या तळमजल्यावर सगळ्यांनी मिळून कोलू मांडला. पायऱ्यांवर बाहुल्या आणि शेजारच्या टेबलावर मुलांनी केलेल्या वस्तू. माझ्या लेकीने पुठ्ठ्याचं गोपुर केलं. रामानुजाचार्य याच गावचे. गुप्त ठेवायचा मंत्र त्यांनी तिरुक्कोष्टियूरच्या गोपुरावर चढून सगळ्यांना सांगितला, अशी आख्यायिका आहे. बटण दाबलं की या गोपुरात बारा एलईडी लागायचे. लहान मुलं हात लावणार म्हणून भिंतीतली वीज नको, पॉवर बँकेचे पाच व्होल्ट बरे, असं आम्ही ठरवलं होतं. घरी दोन-चारदा बटण दाबून पाहिलं तेव्हा सगळं ठीक होतं.

पहिल्या संध्याकाळी मात्र अर्ध्या मिनिटात काळोख. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. पॉवर बँक तर पूर्ण भरलेली. ‘बिघडलं वाटतं,’ म्हणत लोक पुढे सरकत होते आणि लेकीकडे मला बघवत नव्हतं.

वरच्या मजल्यावर मैत्रिणींबरोबर राहणारी एक मुलगी कामावरून परतताना थांबली. नोकियाचा इथला कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, तरी या पट्ट्यात फोन अजून बनतात. ही तशाच एका कारखान्यात कामाला. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, पण काम दिवसभर एकच तपासणी करण्याचं. तारा पाहून ती हसली.

“फार कमी करंट मागताय, अक्का. पॉवर बँकेला वाटतं, फोन चार्ज झाला, आता कुणी नाही. मग ती झोपते.”

तिने खोलीतून ४७ ओहमचा, एक वॉटचा रेझिस्टर आणला आणि बटणाच्या अलीकडेच, दोन्ही तारांमध्ये जोडला. तो तापतो, म्हणून पुठ्ठ्यापासून लांब ठेवला. त्यातून शंभरेक मिलिअँपिअर सतत वाहत राहिले आणि पॉवर बँक जागी राहिली.

लेक चिठ्ठीवर तिचंही नाव लिहू लागली, तर ती म्हणाली, “पेर वेण्डाम, अक्का.” नाव नको.

हे वाक्य माझ्या ओळखीचं. पंधरा वर्षं मी प्रकाशकांना हेच सांगत आले: मुखपृष्ठावर नसलं तरी चालेल, आत कुठेतरी टाका. मला तो नम्रपणा वाटायचा. त्या रात्री टेबलावर एका अनुवादाचा करार सहीसाठी पडला होता. सकाळी त्यात एक ओळ वाढवून तो परत पाठवला.

लेकीने तर ऐकलंच नाही. चिठ्ठीवर दोन नावं लिहिली, दुसरं तमिळ अक्षरांत. नवव्या दिवशी ती मुलगी शिफ्ट संपवून दोघी मैत्रिणींना घेऊन आली. आधी तिने त्यांना चिठ्ठी दाखवली, मग बटण दाबलं.