जठारपेठेत घर पाहताना

मैत्रिणींनो, अकोल्यात जठारपेठेत घर पाहायचे तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता पाहावे! आम्हाला एक बेडरूम, हॉल, किचन हवे होते. माझा अर्धवेळ शिकवण्याचा सगळा पगार भाड्यात जाऊ नये, एवढीच अट.

पहिले घर वरच्या माळ्यावर, स्वस्त आणि हवेशीर. सकाळी पाहिले, आवडलेही. 'हे' म्हणाले, "आजच विसार देऊन टाकू." मी दुपारी पुन्हा गेले, तर स्लॅब तापून भिंतीला हात लावू देईना. इथे पारा 45 अंशांच्या वर सहज जातो. कुलर लावायचा म्हणजे पाणी आलेच. ते महानच्या काटेपूर्णा धरणातून येते, आणि नळ काही रोज येत नव्हता. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "बाई, आधी टाकं पाहा, खोल्या मंग." पाहिले. पाच बिऱ्हाडांत एकच टाके!

शेवटी खालच्या माळ्यावरचे घर घेतले. भाडे जरा जास्त, पण टाके स्वतंत्र. मालक करारपत्राला कां-कूं करू लागले. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला लागतो, शिवाय ती जबाबदारी घरमालकाची, हे मीच सांगितले. तयार झाले बिचारे. आता गच्चीवर पापड वाळवायची परवानगी तेवढी मागायची राहिली आहे.